काखमांजरी पुन्हा पुन्हा का होते?

काखेत किंवा जांघेत गळू झालं की घरचे आधी आंघोळीवर घसरतात. साबण नीट लाव, घाम साचू देऊ नकोस. एखादं गळू जंतूंमुळे होतंही. पण सहा महिन्यांत दोनदा किंवा जास्त वेळा त्याच भागात दुखऱ्या गाठी आल्या, तर हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हाची शंका घ्यावी. हा दाहाचा आजार आहे. अस्वच्छतेने तो होत नाही.

दोष घामाचा, हा समज तर डॉक्टरांनीच रुजवला. 1854मध्ये व्हेर्नॉय या फ्रेंच शल्यविशारदाने खापर घर्मग्रंथींवर फोडलं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र सुरुवात केसाच्या मुळापाशी दिसते. केस ज्या नळीतून वर येतो, तिचं तोंड केराटिन या त्वचेतल्याच प्रथिनाने बुजतं. नळी आत फुगते, फुटते आणि केराटिन आतल्या थरात सांडतं. केराटिन आपलंच, पण तिथे ते शरीराला परकं वाटतं. पांढऱ्या पेशी त्यावर तुटून पडतात, टीएनएफ, आयएल-17 यांसारखी प्रथिनं दाह भडकवतात, पू होतो. घर्मग्रंथी या धुमश्चक्रीत नंतर सापडतात. पुढे त्वचेखाली बोगदे तयार होतात आणि त्यांना आतून त्वचेसारखंच अस्तर येतं. एक गाठ दाबली की बोटभर लांबच्या भोकातून पू येतो, तो याच वाटेने.

म्हणून नुसती चीर देऊन भागत नाही. ठणका थांबतो, बोगदा तसाच राहतो. पू तपासला तर बऱ्याचदा त्वचेवर एरवीही असणारेच जंतू निघतात. मग डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक महिनोन्‌महिने कशाला? जंतूंपेक्षा दाह कमी करायला. टीएनएफला रोखणाऱ्या अडॅलिम्युमॅबला अमेरिकेत 2015मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. बोगदे पक्के झाले असतील तर तो भागच कापून काढावा लागतो.

हा आजार स्पर्शाने पसरत नाही. रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवणं हा निव्वळ अपमान. धूम्रपान आणि लठ्ठपणाशी त्याचा संबंध आढळतो खरा, पण तो बारीक, निर्व्यसनी माणसांनाही होतो. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घरात आणखी कुणाला तरी असतो.

निदानाला मात्र वर्षं जातात, कारण दर वेळी फक्त ताजं गळू दाखवलं जातं. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाल तेव्हा जांघेतले, स्तनाखालचे जुने व्रणही दाखवा. लाज वाटते म्हणून नेमकं तेच राहून जातं.