हार्ट अटॅकनंतर साखर किती उतरवायची?

हार्ट अटॅकने दाखल झालेल्या मधुमेही रुग्णाची साखर दुसऱ्या दिवशी १६० भरली, की नातेवाइकांचा जीव खालीवर होतो. ‘डॉक्टर, शुगर नॉर्मलला का आणत नाही?’ हा प्रश्न रास्त आहे. वैद्यकशास्त्रालाही त्याचं उत्तर सहजासहजी मिळालेलं नाही.

अटॅक आला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल उसळतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, इन्सुलिनचा जोर कमी पडतो. मधुमेह नसलेल्याचीही साखर अशा वेळी चढते. पण ती केवळ ताणाने चढली, असं म्हणून सोडून देणं धोक्याचं. २००२ मध्ये स्वीडिश संशोधकांनी मधुमेहाचं निदान नसलेल्या १८१ अटॅकच्या रुग्णांना घरी सोडण्याआधी ग्लुकोज पाजून तपासलं. ३१ टक्क्यांना मधुमेह निघाला, आणखी ३५ टक्के त्याच्या उंबरठ्यावर होते. म्हणूनच एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, रुग्णालयातल्या या मुक्कामातच व्हायला हवी.

मूळ प्रश्नाचं पहिलं मोठं उत्तरही स्वीडनमधूनच आलं. १९९५ च्या ‘डिगामी’ अभ्यासात अटॅक आलेले आणि साखर साधारण २०० च्या वर असलेले ६२० रुग्ण होते. निम्म्यांना आधी किमान २४ तास इन्सुलिन-ग्लुकोजचं सलाईन आणि नंतर किमान तीन महिने इन्सुलिनची इंजेक्शनं दिली. वर्षभरात या गटात १८.६ टक्के मृत्यू झाले, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात २६.१ टक्के. २००१ मध्ये बेल्जियमच्या ल्युवेनमध्ये शस्त्रक्रियेनंतर आयसीयूत असलेल्या रुग्णांची साखर ८० ते ११० मध्ये ठेवली, तेव्हाही मृत्यू घटले. मग जगभर आयसीयूत साखर दाबून खाली आणण्याचा आग्रह वाढला.

पण २००५ मध्ये ‘डिगामी-२’ने १,२५३ रुग्णांवर हीच इन्सुलिनची पद्धत पडताळली आणि मृत्युदरात फरक दिसला नाही. त्या अभ्यासात सगळ्या गटांची साखर जवळपास सारखीच राहिली होती, त्यामुळे वाद संपला नाही. २००९ चा ‘नाइस-शुगर’ अभ्यास मात्र निर्णायक ठरला. तो निव्वळ हृदयरुग्णांचा नव्हता, आयसीयूतल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांचा होता. साखर ८१ ते १०८ मध्ये ठेवण्याचा प्रयत्न झालेल्या गटात २७.५ टक्के मृत्यू झाले, १८० किंवा त्याखाली ठेवलेल्यांत २४.९ टक्के. साखर चाळिशीच्या खाली कोसळण्याचं प्रमाण पहिल्या गटात ६.८ टक्के होतं, दुसऱ्यात अवघा अर्धा टक्का.

जखमी हृदयाला ही घसरण फार महाग पडते. साखर उतरली की अ‍ॅड्रेनलिन पुन्हा उसळतं, ठोके वाढतात, हृदयाची प्राणवायूची गरज वाढते. त्यातच इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींमध्ये ढकलतं, आणि पोटॅशियम घटलं की ठोक्यांची लय बिघडू शकते. बीटा-ब्लॉकर चालू असेल तर धडधड आणि थरथर ही इशारे देणारी लक्षणंही झाकली जातात. गुंगीत असलेल्या रुग्णाला तर काही सांगताच येत नाही.

म्हणून आज बहुतेक ठिकाणी साखर १८० च्या वर राहू लागली की इन्सुलिन सुरू करतात आणि ती १४० ते १८० मध्ये ठेवतात. सलाईनमधून इन्सुलिन चालू असताना तासा-दोन तासाला बोट टोचतात, ते साखर कोसळण्याच्या याच भीतीपोटी. हा त्रास नाही, पहारा आहे. नातेवाइकांनी काळजीपोटी त्याला विरोध करू नये.

घरच्या गोळ्याही काही काळ थांबतात. रक्तदाब खालावला असेल, मूत्रपिंडं थकली असतील किंवा अँजिओग्राफीचा डाय द्यायचा असेल, तर मेटफॉर्मिनमुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याची भीती असते. ‘ग्लिफ्लोझिन’ गटातल्या गोळ्यांमुळे साखर बरी दिसत असतानाही कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. गंमत अशी, की याच गटातली एम्पाग्लिफ्लोझिन पुढे हृदयाची मोठी राखणदार ठरते. हृदयविकार असलेल्या सात हजारांवर मधुमेहींच्या २०१५ च्या अभ्यासात तिने हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले. तेव्हा डिस्चार्जच्या वेळी कोणती गोळी कधी सुरू करायची, कोणती कायमची बंद, हे कागदावर लिहून घ्या. तोवर घरातल्या जुन्या पाकिटाला हात लावू नका.