श्वासाचे वाद्य

माउथ ऑर्गन हे खिशात मावणारे वाद्य. त्याच्या आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात. फुंकर घातली की काही पट्ट्या कंप पावतात. श्वास आत ओढला की दुसऱ्या. त्यामुळे येथे श्वास घेणे हेही वादनच ठरते.

१९७५ च्या ‘शोले’ चित्रपटात पडद्यावर वाजविताना अमिताभ बच्चन दिसतात. वादन मात्र भानू गुप्ता यांचे आहे. त्यातील स्वर मोजके, संथ आणि उदास आहेत. डोंबिवली स्थानकाच्या गर्दीतही ती धून चटकन ओळखू येते. याउलट अमेरिकेतील लिटल वॉल्टर यांनी १९५० नंतरच्या दशकात वाद्य आणि मायक्रोफोन एकाच ओंजळीत धरले व त्यातून गर्जना उठविली.

वाद्य तेच, श्वास निराळा. मुलांनो, वादक श्वास केव्हा ओढतो, हे डोळे मिटून ऐका. तेथेच त्याची शैली सापडेल.