बंदोबस्त, घर आणि वरिष्ठांचा आधार

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ नुसार पोलीस कर्मचारी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. संकटसमयी मनुष्यबळ हाताशी असावे म्हणून ही तरतूद लागतेच. मात्र रोजच्या कामाचा गाडाही तिच्याच भरवशावर हाकला जाऊ लागला, की साप्ताहिक सुट्टी रद्द होणे आणि बंदोबस्त लांबत जाणे हा अपवाद न राहता शिरस्ता होतो. कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातील पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतात असे आढळले.

काम आणि कुटुंब यांच्यातील ओढाताणीचे ग्रीनहाऊस आणि ब्युटेल या अभ्यासकांनी १९८५ मध्ये तीन प्रकार सांगितले, आणि पोलिसांच्या जीवनात ते तिन्ही ठळकपणे दिसतात. पहिला वेळेचा, म्हणजे ड्युटीमुळे घरासाठी तास न उरण्याचा. दुसरा ताणाचा, म्हणजे अपघात, मृतदेह आणि जमावाचा रोष यांचा शीण घरापर्यंत येण्याचा. आणि तिसरा वर्तनाचा, म्हणजे ठाण्यात उपयोगी पडणारा संशय आणि हुकमी स्वर घरातही न सुटण्याचा. कामाचे तास घटवल्याने पहिला प्रकार सौम्य होतो. उरलेल्या दोहोंसाठी समुपदेशन आणि सहकाऱ्यांची साथ लागते.

तास घटवण्याचा मोठा प्रयोग मुंबईत झाला. दत्ता पडसलगीकर पोलीस आयुक्त असताना, २०१६ मध्ये, देवनार पोलीस ठाण्यातील एका कर्मचाऱ्याच्या प्रस्तावावरून तेथे आठ तासांची ड्युटी सुरू झाली आणि पुढे ती शहरातील इतर ठाण्यांतही नेण्यात आली. यातील अडचण साध्या हिशेबाची आहे: बारा तासांच्या दोन पाळ्यांत विभागलेले मनुष्यबळ तीन पाळ्यांत वाटले, तर प्रत्येक पाळीतील संख्या एक तृतीयांशाने घटते. त्यामुळे रिक्त पदे न भरता केलेली अशी सुधारणा गणेशोत्सव किंवा निवडणुकीच्या बंदोबस्तात टिकवणे कठीण जाते.

संख्याबळाइतकेच महत्त्व संस्थात्मक आधाराला, म्हणजे आपल्या श्रमाची आणि हिताची संस्थेला कदर आहे या कर्मचाऱ्याच्या विश्वासाला आहे. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटना स्थापण्याच्या हक्कावर निर्बंध घातले असल्याने गाऱ्हाणे मांडण्याचे मार्ग मुख्यतः वरिष्ठांकडे अर्ज करणे आणि अधिकाऱ्यांसमोर भरणारा ‘दरबार’ एवढ्यापुरतेच राहतात. साहजिकच ठाण्याचा प्रभारी अधिकारी रजा कोणत्या निकषावर मंजूर करतो, रात्रपाळी सर्वांना सारखी वाटतो की नाही आणि ड्युटीचा तक्ता आधी कळवतो की आयत्या वेळी, यावर कर्मचाऱ्याच्या घरची घडी अवलंबून असते. म्हणूनच काम आणि घर यांचा समतोल पोलिसाच्या वैयक्तिक कौशल्यावर सोडून चालत नाही. पदभरतीबरोबरच रजेच्या आणि पाळ्यांच्या न्याय्य वाटपाचीही प्रभारी अधिकाऱ्याच्या मूल्यमापनात नोंद झाली, तरच हा समतोल व्यवस्थेची जबाबदारी ठरेल.