रणावाचून तह

मोठ्या राष्ट्रांच्या राजधान्यांत परराष्ट्र खाते आणि व्यापार खाते ही बहुधा दोन निरनिराळी दप्तरे असतात, त्यांचे मंत्री निराळे, सचिव निराळे, आणि या दोहोंमधल्या टिपणांच्या येण्याजाण्यातच एखादा निकडीचा प्रश्न महिनोन्‌महिने पडून राहतो. परंतु हिंदी महासागरातील मॉरिशस या लहानशा प्रजासत्ताकात ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे सोपविलेली आहेत, आणि त्या खात्याचे नावच मुळी ‘परराष्ट्र व्यवहार, प्रादेशिक एकीकरण आणि आंतरराष्ट्रीय व्यापार’ असे आहे. या नावात त्या देशाचा सगळा स्वभाव उतरला आहे असे मला वाटते. रॉड्रिग्ज बेटासह सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी भूमी. साडेबारा लाखांच्या आसपास लोकवस्ती. खडी फौज नाही, भूमीत सोने नाही की तेल नाही. रणात जिंकून तहात हरल्याची खंत मराठी माणसाच्या तोंडी म्हणीसारखी बसली आहे. ज्यांना रण लढणे मुळातच शक्य नाही, त्यांनी निदान तहात तरी हरू नये म्हणून काय काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

या बेटाला मूळचे रहिवासी नाहीत. १५९८ साली डच खलाशांनी त्याला आपल्या राजपुत्राचे नाव दिले, १७१५ पासून ते फ्रेंचांचे झाले, १८१० मध्ये इंग्रजांनी जिंकले आणि १८१४ च्या पॅरिसच्या तहाने त्या जिंकण्यावर शिक्कामोर्तब झाले. गुलामगिरी नष्ट होण्याच्या सुमारास मळेवाल्यांना मजुरांची वाण पडली, आणि १८३४ पासून हिंदुस्थानातून जहाजे भरभरून माणसे येऊ लागली. पोर्ट लुईच्या बंदरात ज्या दगडी पायऱ्यांवरून ती उतरली तो आप्रवासी घाट आजही जपून ठेवलेला आहे. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख मजूर या घाटावर उतरले, आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणची माणसेही होती. ते सारे गिरमिटिये. ‘गिरमिट’ हा शब्द म्हणजे ‘अग्रीमेंट’ या इंग्रजी शब्दाचे मजुरांच्या तोंडी झालेले रूप. ज्या कागदावर त्यांनी अंगठा उठवला, तो कागद त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हता. अशा माणसांच्या नातवंडा-पणतवंडांनी पुढे जगातल्या बलाढ्य सत्तांशी करारांतील एकेका शब्दासाठी हुज्जत घालावी, हा इतिहासाने केलेला मोठा न्याय होय.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या मुत्सद्द्यांनी एक गोष्ट फार लवकर ओळखली: ज्या नाना वंशांच्या आणि भाषांच्या मिश्रणामुळे घरात तंटे होण्याचे भय होते, तेच मिश्रण बाहेरच्या जगात वकिलीचे भांडवल होऊ शकते. भारताकडे जाताना ते भारतवंशीयांचे राष्ट्र असते, पॅरिसमध्ये फ्रेंच भाषकांचे, लंडनमध्ये राष्ट्रकुलाचे, आणि आफ्रिकेच्या बैठकीत आफ्रिकेचे. १९७५ च्या जानेवारीत नागपुरास पहिले विश्व हिंदी संमेलन भरले तेव्हा पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम स्वतः उपस्थित होते. पुढच्याच वर्षी दुसरे संमेलन मॉरिशसला झाले, आणि त्याच १९७६ साली आफ्रिकी ऐक्य संघटनेची शिखर परिषदही पोर्ट लुईलाच भरली. हा दुटप्पीपणा नव्हे. जे चारी बाजूंनी खरोखरच आप्त आहेत, त्यांनी चारी घरी जाणे-येणे ठेवले, इतकेच. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते, ही बाब पुष्कळ मराठी वाचकांना ठाऊक नसेल.

परंतु नात्यागोत्याने पोट भरत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी निर्यातीचा जवळजवळ सगळा भार एकट्या साखरेवर होता, आणि पुढे १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या आपल्या अहवालात वाढती लोकसंख्या आणि एकच एक पीक यांकडे बोट दाखवून या बेटाविषयी फारशी आशा बाळगली नव्हती. मीडसाहेबांचे गणित चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या गणितात करार हा घटक धरलेला नव्हता, एवढेच. ब्रिटन स्वतः युरोपीय आर्थिक समुदायात शिरण्यापूर्वीच, १९७२ च्या मे महिन्यात, मॉरिशसने पोर्ट लुई येथे त्या समुदायाशी संबंध जोडणाऱ्या करारावर सही केली; या याउंदे करारात सामील होणारा तो राष्ट्रकुलातील पहिला देश. पुढे काय होणार हे ओळखून दाराशी आधीच जाऊन उभे राहण्याचा हा गुण पुढेही वारंवार दिसतो.

२८ फेब्रुवारी १९७५ रोजी लोमे येथे आफ्रिका, कॅरिबियन आणि प्रशांत महासागरातील देशांचा युरोपाशी जो मोठा करार झाला, त्याला साखरेची एक स्वतंत्र पुरवणी जोडलेली होती. तिच्यात युरोपने हमीभावाने ठराविक वजनाची साखर घेण्याचे बंधन स्वीकारले, आणि त्या बंधनाला जी मुदत घातली ती ‘बेमुदत’ अशी होती. आपल्या साखरपट्ट्यातील शेतकऱ्याला हमीभाव म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पण त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेतल्याशिवाय मॉरिशसच्या शिष्टमंडळाचे धैर्य कळणार नाही. १९७४ च्या अखेरीस जागतिक बाजारात साखरेचा भाव पूर्वी कधी नव्हता इतका चढलेला होता, आणि अशा तेजीत कोणाही व्यापाऱ्याला खुल्या बाजाराचाच मोह पडावा. मॉरिशसने तो आवरला. सुमारे १३ लाख टनांच्या एकूण कोट्यापैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक, म्हणजे जवळजवळ पाच लाख टनांचा कोटा त्याने एकट्याने पदरात पाडून घेतला. तेजी लवकरच ओसरली. कोटा तीस वर्षांहून अधिक काळ राहिला, आणि त्याच्या उत्पन्नातून त्या देशातील शाळा, दवाखाने व नव्या उद्योगांचे भांडवल उभे राहिले. बेमुदत या शब्दालाही शेवटी मुदत निघाली, हे खरे. २००६ च्या सुधारणेने युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरविण्याचे ठरविले, २००७ मध्ये पुरवणी रद्द करण्याची नोटीस दिली, आणि ३० सप्टेंबर २००९ रोजी ती संपुष्टात आली. तोपर्यंत हे राष्ट्र एका पिकावर अवलंबून राहिलेले नव्हते.

कारण १९७० मध्येच निर्यातीसाठी माल करणाऱ्या कारखान्यांना जकातीतून सूट देणारा कायदा झाला होता, आणि हाँगकाँगचे कापड-व्यावसायिक युरोपाच्या बाजाराची वाट सापडते म्हणून तेथे गिरण्या घालू लागले होते. त्यानंतरचा टप्पा मात्र आपल्या मुंबईशी निगडित आहे. २४ ऑगस्ट १९८२ रोजी भारत आणि मॉरिशस यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला. त्यातील एका कलमान्वये समभागांच्या विक्रीतील नफ्यावर कर घेण्याचा अधिकार विक्रेत्याच्या देशाकडे राहिला, मॉरिशसने तो कर घेतलाच नाही, आणि भारताने १९९१ नंतर दारे उघडताच परदेशी भांडवल या बेटाच्या वाटेने मुंबईच्या शेअरबाजारात लोटले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा व्यवहार कायदेशीर ठरविला. तरीही भारताच्या महसुलाची त्यात हानी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि १० मे २०१६ रोजी करार दुरुस्त करून १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या समभागांवर कर बसविण्याचा अधिकार भारताने परत घेतला, तो योग्यच होता. मॉरिशसने आदळआपट केली नाही. २०२१ च्या जानेवारीत त्याचा चीनशी मुक्त व्यापाराचा करार अमलात आला आणि एप्रिलमध्ये भारताशी व्यापक आर्थिक सहकार्याचा. आफ्रिकेतील देशाशी असा करार करण्याची चीनची ती पहिली वेळ होती, आणि भारताचीही.

दुबळ्याच्या मुत्सद्देगिरीला जी किंमत द्यावी लागते तिचे एक उदाहरण सांगितलेच पाहिजे. २००१-०२ मध्ये मॉरिशस संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीवर होता, आणि २००० सालच्या अमेरिकी कायद्याने आफ्रिकी देशांच्या कापडाला जी जकातमाफी मिळाली होती तिच्यात अमेरिकेच्या परराष्ट्रधोरणाला बाध आणू नये अशी अट होती. इराकविषयीच्या ठरावाची चर्चा चालू असता मॉरिशसचे राजदूत जगदीश कुंजल यांनी अमेरिकेला असलेला आपल्या सरकारचा पाठिंबा पुरेसा स्पष्ट केला नाही, या कारणाने नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांना मायदेशी परत बोलाविण्यात आले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

आता ज्या प्रकरणी हे राष्ट्र खरोखर तहात हरले होते, त्याकडे वळतो. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनला लँकेस्टर हाउस येथे स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असताना ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी रामगुलामांना स्वतंत्रपणे भेटीस बोलाविले. या भेटीच्या आदल्या दिवशी विल्सन यांना त्यांच्या खाजगी सचिवाने जे टिपण दिले ते पुढे उघड झाले: पाहुण्याला स्वातंत्र्याची आशा दाखवावी, आणि मॉरिशसचाच भाग असलेला चागोस द्वीपसमूह सोडला नाही तर ते हुकेल या भयाखालीही ठेवावे, असा त्याचा आशय होता. रामगुलामांनी मान तुकविली. तीस लाख पौंडांची भरपाई ठरली. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी चागोस तोडून निराळी वसाहत करण्यात आली. वसाहतीचे तुकडे करू नयेत असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबरात बजावले, ते कोणी ऐकले नाही. चागोसमधील दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ झाला, आणि १९६८ ते १९७३ या काळात चागोसची दीड-दोन हजार माणसे आपल्या घरांतून हुसकून लावण्यात आली.

राष्ट्रकुलातील देशांशी असलेला वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे चालणार नाही, अशी अट ब्रिटनने घालून ठेवली होती. २००४ मध्ये मॉरिशसने राष्ट्रकुलच सोडण्याचा विचार बोलून दाखविताच, ती अट माजी सभासदांनाही लागू राहील अशी दुरुस्ती तातडीने झाली. हे दार बंद झाल्यावर मॉरिशसच्या परराष्ट्र खात्याने दुसरी दारे शोधली. २०१० मध्ये ब्रिटनने चागोसभोवती सागरी अभयारण्य घोषित केले, त्याविरुद्ध समुद्रकायद्याखाली लवाद मागितला, आणि मार्च २०१५ मध्ये निवाडा आपल्या बाजूने मिळविला. नंतर आमसभेतच मते गोळा केली: २२ जून २०१७ रोजी ९४ विरुद्ध १५ मतांनी न्यायालयाचा सल्ला मागविण्याचा ठराव संमत झाला, आणि सल्ल्याला ब्रिटनची संमती लागत नसे. यामागे आफ्रिकेच्या एकजुटीचे बळ होते, आणि भारतानेही न्यायालयापुढे मॉरिशसची बाजू घेतली.

सप्टेंबर २०१८ मध्ये हेगच्या न्यायसभेत ८८ वर्षांचे माजी पंतप्रधान सर अनिरुद्ध जगन्नाथ उभे राहिले. १९६५ च्या वाटाघाटींत प्रत्यक्ष भाग घेतलेल्यांपैकी हयात असलेले ते एकटेच. चागोसमधील पेरोस बान्होस बेटावरून १९७३ मध्ये हाकललेल्या एका स्त्रीची ध्वनिचित्रित साक्षही तेथे दाखविण्यात आली. गरोदर असताना रात्री जहाजावर चढविल्याचे आणि पुढे मूल गमावल्याचे तिने आपल्या क्रिओल भाषेत सांगितले. शेकडो पानांच्या युक्तिवादापेक्षा त्या काही मिनिटांचे वजन अधिक पडले असावे, असे मला मनापासून वाटते. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी १३ विरुद्ध १ मताने न्यायालयाने सांगितले की चागोस तोडणे बेकायदा होते. मे महिन्यात आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी त्याला दुजोरा दिला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशसचे एक जहाज ब्रिटनची परवानगी न घेता चागोसला गेले, आणि पेरोस बान्होसच्या वाळूवर राष्ट्रध्वज उभारण्यात आला. तो उभारणारे संयुक्त राष्ट्रांतील मॉरिशसचे स्थायी प्रतिनिधी जगदीश कुंजल हे होते, वीस वर्षांपूर्वी परत बोलाविलेले तेच.

या यशात एक उणीव आहे, आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९६५ मध्ये चागोसवासीयांना कोणी विचारले नव्हते. ब्रिटनशी झालेल्या अलीकडच्या वाटाघाटींतही आम्हांला स्थान नव्हते, अशी त्यांच्यातील पुष्कळांची तक्रार आहे, आणि मला ती रास्त वाटते. गिरमिटियांच्या वंशजांनी तरी, दुसऱ्याच्या नावाने अंगठा उठविताना, त्याला कागद वाचून दाखवावयास हवा होता.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी चागोसच्या करारावर सह्या केल्या. त्यात द्वीपसमूहावरील सार्वभौमत्व मॉरिशसचे म्हणून मान्य केले आहे. दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटनकडे राहावयाचा आहे, आणि पेरोस बान्होससह इतर बेटांवर पुन्हा वस्ती करविण्याची मोकळीक मॉरिशसला दिलेली आहे.