शिष्यवृत्ती : गुणांनंतरची तयारी

बारावीच्या निकालानंतर आनंदापाठोपाठ शुल्काची चिंताही घरात प्रवेश करते. अशा वेळी शोधाचा आरंभ राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलपासून करावा. तेथील केंद्रीय क्षेत्र योजनेत दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या असून त्यांपैकी निम्म्या मुलींसाठी आहेत. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत प्रतिवर्षी १२,००० रुपये मिळतात. मंडळाच्या परीक्षेत ८० पर्सेंटाइलहून वरचे स्थान, नियमित अभ्यासक्रमास प्रवेश आणि साडेचार लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक वार्षिक उत्पन्न या तिच्या प्रमुख अटी होत. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत, हे ध्यानात ठेवावे.

निवड झाली तरी शेवटचा टप्पा बँकेचाच असतो. शिष्यवृत्ती आधार क्रमांकाच्या आधारे थेट खात्यात जमा होते. दोन बँकांत खाती असल्यास थेट लाभासाठी जे खाते शेवटी जोडले, त्यातच रक्कम येते. म्हणून अर्जापूर्वीच शाखेत जाऊन ही जोडणी, खाते चालू असल्याची खात्री आणि नावातील एकरूपता तपासून घ्यावी.

दरवर्षी नूतनीकरणासाठी किमान ५० टक्के गुण व ७५ टक्के उपस्थिती लागते. शिष्यवृत्ती गुणांनी मिळते, पण दक्षतेने टिकते.