घरून काम, पण नजर कुणाची?



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एक काकू म्हणाल्या, "सूनबाई घरीच असते, पण पाणी प्यायला उठायचं म्हटलं तरी घाबरते." ती वाईत बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. बाळाला पाजायला उठली, वीस मिनिटं गेली, तर तेवढा वेळ 'रिकामा' म्हणून मांडला गेला. हा हिशेब ठेवतं कोण, ते आज समजून घेऊ.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत हिंजवडी, खराडीची ऑफिसं घराघरांत आली. साहेबाला माणसं दिसेनात, तसा लॅपटॉपवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा वापर वाढला. बटणं किती दाबली, माऊस किती हलला, हे ते मोजतं. ठरावीक मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेतं. काही ठिकाणी कॅमेराही चालू ठेवायला सांगतात.

यात खोट अशी, की यंत्राला हालचाल कळते, काम कळत नाही. ग्राहकाला फोनवर नीट समजावलं, तरी माऊस हलत नाही. घरून काम आपल्या बायकांना नवीन नाही. सोलापूरच्या कामगार बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर मिळते. माल तपासून घेतात, पण चुलीपाशी कुणी डोकावत नाही.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा ठेवली आहे. म्हणून "मी कुठे हो म्हटलं होतं?" एवढ्यावर भागत नाही. नेदरलँड्समध्ये दिवसभर कॅमेरा चालू ठेवायला नकार दिला म्हणून एकाला कामावरून काढलं होतं. तिथल्या न्यायालयाने २०२२ मध्ये कंपनीला भरपाई द्यायला लावली. आपल्याकडे तो निकाल लागू नाही, पण विचारायला बळ देतो.

मग करायचं काय? काय काय नोंदवलं जातं, कोण बघतं, किती दिवस ठेवतात, हे ईमेलने विचारा, तोंडी नको. सुट्टीच्या वेळा लेखी ठरवून घ्या. कंपनीच्या लॅपटॉपवर बँक, आधार, घरचे फोटो उघडू नका. स्वतःच्या मोबाईलमध्ये कंपनीचं ॲप घ्यायचं असेल, तर ते कशाकशाची परवानगी मागतंय ते वाचा. कॅमेरा लागणारच असेल तर भिंतीकडे पाठ करून बसा, म्हणजे मागचं घर दिसणार नाही.

आणि सासूबाईंनो, सून स्क्रीनसमोर बसली म्हणजे ती कामावर गेली आहे, असंच धरा.

काकूंच्या सूनबाईने ईमेल पाठवला. बाळाला पाजायच्या दोन वेळा आता सुट्टी म्हणून धरतात. स्क्रीनचे फोटो कोण बघतं, याचं उत्तर अजून आलेलं नाही. ती पुन्हा विचारणार आहे.