यकृताला सवय होत नाही

गिरण्यांच्या भोंग्याबरोबर मुंबईची रातपाळीही संपली, असे कुणाला वाटत असेल तर त्याने सकाळी सातच्या सुमारास अंधेरी स्थानकात उभे राहावे. चर्चगेटकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, त्याच वेळी बोरिवलीकडे निघालेल्या गाडीत खिडकीला डोके टेकून माणसे डुलक्या घेत असतात. त्यात विमानतळावरचे लोडर असतात, रुग्णालयांतल्या सिस्टर असतात, सीप्झ आणि मरोळ एमआयडीसीतले कामगार असतात आणि अमेरिकेच्या दिवसाबरोबर जागणारी कॉल सेंटरची मुलेही. या लोकांत नवीन आलेल्याला जुने लोक एकच धीर देतात, ‘महिनाभरात सवय होते.’ ते खोटे बोलत नाहीत, पण सवय होते ती जागण्याची. पचनाला, रक्तातल्या साखरेला ती होत नाही आणि रातपाळीचे खरे नुकसान तिथेच आहे.

शरीरात घड्याळ एक नाही. मुख्य घड्याळ मेंदूत असते, सुमारे वीस हजार पेशींच्या एका ठिपक्यात, आणि ते डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर चालते. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी यांचीही आपापली घड्याळे आहेत आणि त्यांची किल्ली बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळेच्या हाती असते. रात्री अडीचला भुर्जीपाव पोटात जातो, तेव्हा यकृताला वाटते दुपार झाली. मेंदूच्या लेखी मात्र मध्यरात्रच असते. त्यातच रात्री वाढलेले मेलाटोनिन इन्सुलिनचा हात आखडता ठेवते. म्हणून दुपारी सहज पचणारी पोळीभाजी रात्री तीनला रक्तात जास्त वेळ साखर ठेवून जाते. मग सकाळी सातला स्थानकाबाहेर लख्ख ऊन डोळ्यांत जाते आणि मेंदूचे घड्याळ पुन्हा दिवसाकडे ओढले जाते. कायम रातपाळी करणाऱ्यांवरच्या अभ्यासांचा 2008मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा मेलाटोनिनचे चक्र पूर्णपणे उलटवू शकलेले लोक तीन टक्क्यांहूनही कमी निघाले.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. रातपाळीवाले अबरचबर खातात, तंबाखू-सिगारेट ओढतात, चाळीत किंवा वन आरकेत दिवसा झोप मिळत नाही. मग मधुमेहाचा दोष घड्याळाला कशाला? शंका अर्धी खरी आहे. शेजारच्या रिडेव्हलपमेंटचे ड्रिल सुरू असताना कुणाला झोप लागणार? पण हे सगळे वगळूनही प्रयोग झाले आहेत. बोस्टनमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांचा दिवस 28 तासांचा केला, म्हणजे झोप आणि जेवण हळूहळू घड्याळाच्या उलट बाजूला सरकले. उलट्या वेळी इन्सुलिन 22 टक्क्यांनी वाढूनही साखर 6 टक्के चढीच राहिली आणि पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन 17 टक्क्यांनी घटले. जेवण तेच आणि माणसेही तीच. बदलली होती फक्त वेळ. आपल्याकडे यात आणखी एक मेख आहे. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबीचे प्रमाण बरेच असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे. तेव्हा ‘मी कुठे जाड झालोय’ हा रातपाळीवाल्याचा युक्तिवाद फारसा टिकत नाही.

मग रात्री जेवूच नये का? 2021च्या एका प्रयोगात 19 तरुणांकडून रातपाळीसारखे जागरण करवून घेतले. रात्रीही जेवणाऱ्यांची साखर सहा टक्क्यांहून थोडी अधिक वाढली. जेवण फक्त दिवसा घेणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही. निष्कर्ष मोलाचा आहे, पण प्रयोगशाळेतला तरुण सामान उचलत नव्हता. विमानतळावर रात्रभर बॅगा चढवणाऱ्याला उपाशी राहा म्हणणे हा शहाणपणा नव्हे. कामावर जाण्याआधी नीट जेवून मध्यरात्रीनंतर हलके खाणे त्याला झेपेल; इन्सुलिन घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेळा बदलूच नयेत.

भरपाईची गोष्ट याहून अवघड. मेंदूचे घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकते, त्यामुळे आठ तासांचा फेरा पुरा करायला आठवडा जातो. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कारखान्यात ते कुठेच पोहोचत नाही. माणसाचे घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित लांब असल्याने पुढे सरकणे सोपे जाते. सकाळ, दुपार, रात्र असा क्रम त्याला कमी जाचतो. मालकाला यात फारसा खर्च नाही, तरी उलट्या क्रमाचे वेळापत्रक अजून निघते. जुने नुकसान तर आणखी हळू भरते. फ्रान्समधल्या एका अभ्यासात पाळ्यांचे काम सोडल्यावर स्मरण आणि विचारशक्ती पूर्ववत व्हायला किमान पाच वर्षे लागल्याचे दिसले.

आणि साप्ताहिक सुट्टी? 1948च्या कारखाना कायद्याने रातपाळीवाल्याची सुट्टी पाळी संपल्या क्षणापासून सलग 24 तास अशी मोजली. रविवारी सकाळी सातला सुटलेला माणूस सोमवारी रात्री अकराला परत हजर होतो. मधल्या चाळीस तासांतला पहिला दिवस झोपेत जातो, आणि घरच्यांबरोबर रात्री झोपायला मिळते ते एकदाच. त्या एका रात्रीने घड्याळ पुन्हा दिवसाकडे वळू लागते, तोवर सोमवारची पाळी येते.